टँकमधला दिवस लांबला आणि माशांचं आपसातलं वागणंच बदललं, कुणाला अनुभव आहे का?

टँकवाला_फोंडा

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे पण महिनाभर डोक्यात दुसरं काही नाही म्हणून सगळं एकदाच लिहितो.

आमच्या हॉलमधे चार फुटी टँक आहे, त्यात बारा मलबार डॅनिओ, आपल्याकडच्या ओहळात सापडतात तेच. दोन वर्षं ह्या बारा जणांचा एकच घोळका. एक वळला की सगळे वळले, झाकण उघडलं की बाराच्या बारा एकदम खाली. दिवा टायमरवर, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, म्हणजे अकरा तास.

ह्यंदा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या दिवशी टायमर गेला. घरात पाहुणे, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची घाई, कोण बघणार टायमर. आई पहाटे सहाला उठली की दिवा लावायची आणि रात्री साडेअकराला शेवटचा माणूस झोपायला गेला की तो बंद करायचा. चवथ झाली, गणपती गेले, माटोळी उतरली, पण ही सवय तशीच राहिली. म्हणजे माशांचा दिवस अकरा तासांचा होता तो साडेसतरा तासांचा झाला आणि दीड महिना झाला तरी नवा टायमर आणायचा राहिलाच आहे.

तिसऱ्या चौथ्या आठवड्यात मुलानेच दाखवलं. तीन नरांनी जागा धरल्यात, एक फिल्टरच्या तोंडाशी, एक लाकडामागे, एक उजव्या कोपऱ्यात, आणि दुसरा कुणी जवळ आला की अंगावर धावून जातात. घोळका असा राहिलाच नाही. आणखी एक गंमत म्हणजे मी खाणं दोन टोकांना टाकतो, पूर्वी दोन-तीन मासे एका बाजूला वळले की बाकीचे मागून यायचे, आता जो तो आपल्या कोपऱ्याजवळचं खातो. झाकण उघडलं की चार-पाच खाली जातात आणि उरलेले आहेत तिथेच घुटमळतात, जायचं की नाही ते त्यांचं ठरतच नाही असं वाटतं.

मुलगा आठवीत आहे, वहीत रोज मोजून लिहितोय कोण कुणाच्या मागे धावला. माझा प्रश्न एवढाच, नुसते उजेडाचे तास वाढल्याने मासा शेजाऱ्याशी कसा वागतो हे बदलू शकतं का? की मी उगाच त्यात अर्थ शोधतोय?

डिचोलकर

दादा, आधी पाणी तपासा. दिवा जास्त वेळ म्हणजे शेवाळ जास्त, मासे जास्त वेळ जागे, घरातला प्रत्येक जण येताजाता चिमूटभर खाणं टाकणार, त्यात चवथीचे पाहुणे. अमोनिया वाढला की मासे चिडचिडे होतात हे मी स्वतः पाहिलंय. उजेडाचं नंतर बघू.

टँकवाला_फोंडा

डिचोलकर, पाणी तपासलं, दोनदा. अमोनिया शून्य. खाणं मी एकटाच टाकतो, डबा माझ्या कपाटात असतो, दिवसातून दोनदाच, मापाच्या चमच्याने. पाणी २७ अंश, आधीही तेवढंच होतं. शेवाळ मात्र वाढलं हे खरं.

बायोच्या_मॅडम

तुम्ही उगाच अर्थ शोधत नाही आहात. मी म्हापशाला अकरावी-बारावीला शिकवते आणि हा माझा अत्यंत आवडीचा विषय आहे, त्यामुळे मीही लांब लिहिणार.

माशाला दिवस किती मोठा आहे हे कळतं आणि ते फक्त डोळ्यांनी नाही. डोक्याच्या वरच्या बाजूला कवटीखाली पिनियल नावाची ग्रंथी असते, माशांमधे तिला थेट उजेड कळतो. १९११ साली कार्ल फॉन फ्रिश ह्यांनी मिनो नावाच्या छोट्या माशांवर दाखवलं होतं की डोळे गेलेला मासासुद्धा डोक्याच्या त्या भागावर उजेड-सावली केली की अंगाचा रंग बदलतो. ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन सोडते, म्हणजे रात्र जितकी लांब तितका वेळ रक्तात मेलाटोनिन. मासा खरं म्हणजे रात्र मोजतो असं म्हणा. शिवाय २०१३ मधे जपानच्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी मासू नावाच्या सॅमनवर काम करून दाखवलं की मेंदूच्या तळाशी एक लालसर पिशवीसारखा अवयव असतो, सॅकस व्हॅस्क्युलोसस, तो ऋतू ओळखण्याचं काम करतो, उजेड ओळखणारी प्रथिनं आणि थायरॉईडची साखळी सुरू करणारं हार्मोन दोन्ही त्याच ठिकाणी. कित्येक वर्षं हा अवयव नक्की कशासाठी आहे हे कुणाला सांगता येत नव्हतं, मला ही गोष्ट शिकवताना अजून अंगावर काटा येतो.

आता वागण्याकडे येते. युरोपातला स्टिकलबॅक नावाचा बोटभर मासा घ्या. थंडीत नर-मादी सगळे घोळक्याने राहतात. वसंतात दिवस मोठा झाला की नर घोळका सोडतो, जागा धरतो, पोट लाल होतं, घरटं बांधतो, आणि काल ज्याच्या खांद्याला खांदा लावून पोहत होता त्याच्यावर धावून जातो. मासा तोच, पाणीही तेच, पण समोरचा नर आता सोबती राहिलेला नसतो. निको टिंबर्गन ह्यांच्या लायडनमधल्या प्रयोगशाळेत खिडकीशी स्टिकलबॅकचे टँक होते, रस्त्यावरून टपालाची लाल गाडी गेली की नर काचेकडे झेपावायचे कारण लाल म्हणजे दुसरा नर. (फॉन फ्रिश आणि टिंबर्गन, दोघांना १९७३ चं नोबेल एकत्रच मिळालं, सोबत लोरेन्झ.) नर असा भडकतो तो विणीच्या हंगामात.

तुमच्या तीन नरांनी कोपरे धरले ना, मला ते ह्याच प्रकारचं वाटतं. साडेसतरा तास उजेड म्हणजे आपल्या अक्षांशावर कधीच येत नाही असा दिवस, त्यांच्या शरीराने त्याचा अर्थ विणीचा काळ असा लावला असेल.

एक विचारते, रात्री साडेअकरानंतर हॉल पूर्ण काळोखात असतो का?

टँकवाला_फोंडा

नाही मॅडम, देवाजवळचा झिरोचा बल्ब रात्रभर असतो. तो तर आधीपासूनच आहे.

काणकोणचा_रापणकार

वाचतोय. चांगलं लिहिता मॅडम, पण मला एक सांगा. आमच्या घरात तीन पिढ्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली, माझा थोरला काका समुद्राकडे नुसता बघून सांगायचा आज तारली किनाऱ्याला लागणार की नाही. त्याच्या तोंडून दिवस मोठा दिवस लहान हा शब्द मी कधी ऐकला नाही. तो बोलायचा ते चंद्राबद्दल, काळोखाच्या रात्रींबद्दल, वाऱ्याबद्दल, पाण्याच्या रंगाबद्दल. काळोखात तारल्यांचा घोळका हलला की पाणी चमकतं, वरून दिसतं कुठे आहे ते, आणि चांदणं पडलं की घोळका धड सापडत नाही. आणि चढणीचे मासे? ते तर पहिल्या पावसाच्या नव्या पाण्याबरोबर शेतात चढतात, पाऊस आठ दिवस उशिरा आला तर तेही आठ दिवस उशिरा. दिवसाच्या लांबीवर चालत असते तर पाऊस नसतानाही चढायला गेले असते ना?

आपल्या गोव्यात दिवस असा कितीसा लहान-मोठा होतो?

नॉर्वेतला_गोंयकार

रापणकार बाब, तुमच्या प्रश्नाचं उलटं टोक मी रोज बघतो म्हणून लिहितो. मूळचा कुडचड्याचा, गेली सहा वर्षं बर्गनजवळ सॅमनच्या फार्मवर काम करतो. इथे जूनमधे दिवस १९ तासांचा आणि डिसेंबरमधे सहा तासांच्याही आत. डिसेंबरमधे जेवणाच्या सुट्टीनंतर बाहेर आलो की काळोख व्हायला लागलेला असतो, पहिल्या वर्षी मलाच सोसलं नाही.

सॅमनचं पिल्लू नदीत असतं तेव्हा प्रत्येकाची आपली आपली जागा असते, दगडामागची हातभर जागा पण त्यासाठी जोरदार मारामारी. मग हिवाळा संपतो, दिवस वाढायला लागतो, आणि त्याच पिल्लाच्या अंगावरचे पट्टे जातात, ते चांदीसारखं चमकायला लागतं, खाऱ्या पाण्यासाठी आतून तयार होतं आणि भांडण सोडून घोळक्याने प्रवाहाबरोबर समुद्राकडे निघतं. म्हणजे मॅडमच्या स्टिकलबॅकच्या नेमकं उलट, तिथे दिवस वाढला की घोळका मोडतो आणि इथे दिवस वाढला की घोळका जमतो. दोन्हीकडे इशारा दिवसाच्या लांबीचा, पण कुणाला त्यावरून काय करायचंय ते ज्याच्या त्याच्या जातीवर.

फार्मवर आम्ही हे दिव्यांनीच चालवतो. पिल्लांना आधी लहान दिवसाचा हिवाळा द्यायचा आणि मग चोवीस तास दिवे, की ती समुद्रात जायला तयार होतात. समुद्रातल्या पिंजऱ्यांत हिवाळ्यात पाण्याखाली दिवे लावून ठेवतात ते मासा लवकर वयात येऊ नये म्हणून, वयात आला की वाढ थांबते आणि मांस उतरतं. एवढा मोठा धंदा दिवसाच्या लांबीवर उभा आहे. इथे कुणी ह्यावर वाद घालत नाही, फक्त दिवे कधी लावायचे ह्यावर घालतात.

डिचोलकर

नॉर्वेचं मान्य, पण रापणकारांचा प्रश्न तसाच राहिला. तिथे तेरा तासांचा फरक आहे. आपल्याकडे?

बायोच्या_मॅडम

पणजीला २१ जूनच्या आसपास दिवस साधारण १३ तासांचा आणि २१ डिसेंबरच्या आसपास सव्वाअकरा तासांचा. म्हणजे पावणेदोन तासांचा फरक, तो सहा महिन्यांत पसरलेला, रोजचा हिशोब केला तर सरासरी अर्ध्या मिनिटापेक्षा थोडा जास्त. एवढंसं कुणाला कळणार असं वाटतं खरं. पण पनामातल्या जंगलात, आपल्याहूनही विषुववृत्ताच्या जवळ, मुंग्यांच्या रांगांमागे फिरणाऱ्या एका पक्ष्यावर काम झालं होतं १९९८ मधे, त्याला फक्त १७ मिनिटांनी दिवस मोठा करून दिला तर त्याचं शरीर विणीच्या तयारीला लागलं. पक्षी आहे, मासा नाही, मान्य. पण कमी फरक म्हणजे निरुपयोगी फरक असं म्हणता येत नाही एवढं त्यातून कळतं.

तरी रापणकारांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे आणि त्यांच्या काकांचं ज्ञान मला कुठल्याही पुस्तकाइतकं मोलाचं वाटतं. आपल्याकडे पाऊस हाच मोठा ऋतू. चंद्राचंही खरंच आहे, सिगानस जातीचे मासे चंद्राच्या ठरावीक तिथीलाच अंडी घालतात ह्यावर जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर भरपूर काम झालंय. पण सिंघी हा मासा बघा, गोड्या पाण्यातला आपला भारतीय मासा. १९७६ मधे सुंदरराज आणि वसल ह्यांचं त्यावर काम आहे, लांब दिवस आणि उबदार पाणी दोन्हींनी मादीची अंडाशयं तयार होतात आणि त्यात तापमानाचा वाटा मोठा. म्हणजे पाऊस येण्याआधीच शरीर तयारीत असतं. चढणीचे मासे नव्या पाण्याबरोबर चढतात हे शंभर टक्के खरं, पण त्या दिवशी त्यांच्या पोटात अंडी पिकलेली असतात ना? ती काही एका रात्रीत पिकत नाहीत. कदाचित तारीख पाऊस ठरवतो आणि महिना उन्हाळ्याचे वाढते दिवस आणि तापतं पाणी ठरवतात.

आता एक गोष्ट जी मला फार विचारात पाडते. आपल्याकडचा सगळ्यात मोठा दिवस कधी येतो? २१ जून. तेव्हा बाहेर काय असतं? धो धो पाऊस, दुपारी दोनला घरात दिवा लावावा लागतो, आणि मांडवी लाल मातीने गढूळ. पंचांगात १३ तासांचा दिवस, पण दोन मीटर खोल पाण्यातल्या माशाला त्यातले किती तास उजेड दिसत असेल? त्याची पहाट उशिरा होत असणार आणि संध्याकाळ लवकर. नदीतल्या माशाचा दिवस पंचांग बघून नाही मोजता येणार, पाण्यात उतरून मोजायला हवा. कुणी पावसाळ्यात मांडवीत उजेड मोजणारं यंत्र सोडून वर्षभर नोंद ठेवली तर किती छान होईल, मी माझ्या मुलांना दरवर्षी सांगते.

काणकोणचा_रापणकार

हे मात्र पटलं. महिना एक ठरवतो आणि तारीख दुसरा. काका असता तर त्याला सांगितलं असतं.

डिचोलकर

मॅडम, तुमचा आदर ठेवून अजून एक शंका. टँकवाल्यांच्या केसमधे तीन गोष्टी एकत्र आहेत. एक म्हणजे ऋतूचा इशारा, तुम्ही म्हणता तो. दुसरं, मासा जास्त तास जागा म्हणजे भांडायलाच जास्त तास. तिसरं झोप. झेब्रा डॅनिओला सतत उजेडात ठेवलं तर तो झोपतच नाही आणि नंतर ती झोप भरूनही काढत नाही असं मी वाचलंय, २००७ च्या पेपरमधे होतं. साडेसहा तासांची रात्र मिळालेला मासा चिडणार नाही तर काय, माणूससुद्धा नाइट ड्युटीनंतर घरी येऊन बायकामुलांवर ओरडतो. मी स्वतः कंपनीत शिफ्ट करतो, मला माहीत आहे. मग ह्याला ऋतू कशाला म्हणायचं?

बायोच्या_मॅडम

किती चांगला प्रश्न विचारलात. ह्याचंच उत्तर नेदरलँड्सच्या बर्था बॅगरमन ह्यांनी स्टिकलबॅकवर शोधलं, १९७२ चं काम आहे. युक्ती बघा. माशांना चोवीस तासांत एकूण उजेड आठच तास द्यायचा, म्हणजे जागायला जास्त वेळ मिळाला हा मुद्दाच गेला. पण हे आठ तास सलग न देता आधी सहा तास, मग काळोख, आणि मधेच दोन तासांचा तुकडा. तो तुकडा सकाळच्या उजेडापासून साधारण १४ ते १६ तासांनी पडला तर मासे मोठा दिवस मिळाल्यासारखे विणीला तयार झाले. तोच तुकडा भलत्या वेळी पडला तर नाही. म्हणजे शरीरात एक घड्याळ आहे, त्यात एक ठरावीक खिडकी उघडते आणि त्या वेळेला बाहेर उजेड आहे की काळोख एवढंच ते बघतं. तासांची बेरीज ते करत नाही.

ह्यामुळेच मी मघाशी रात्रीच्या दिव्याबद्दल विचारलं. भलत्या वेळी लागलेला दिवा कधी कधी दिवसभराच्या उजेडापेक्षा जास्त बोलतो.

आणि मेडाका म्हणून जपानी भातखाचरातला मासा आहे, त्याच्यावरचं काम तर थेट तुमच्या विषयावर आहे. २०१७ मधे दिसलं की हिवाळ्याच्या परिस्थितीतल्या मेडाकाच्या डोळ्यात रंग ओळखणारी प्रथिनं कमी होतात, त्याला पडद्यावर विणीच्या रंगातला मासा दाखवला तरी तो फारसं लक्ष देत नाही, आणि उन्हाळ्यातला मेडाका मात्र त्याच्याकडे ओढला जातो. आपण म्हणतो माशाने निर्णय बदलला, पण इथे त्याला दिसतंय तेच बदललंय! मग २०२० मधे त्याच गटातून आलं की हिवाळ्यातले मेडाका इतर माशांत कमी मिसळतात आणि जास्त घाबरे असतात.

डिचोलकर

मेडाकाच्या प्रयोगात थंड पाणी आणि लहान दिवस दोन्ही एकत्र होतं ना? मग वाटा कुणाचा किती? सॅमनच्या पिल्लांचं पण वाचलंय, पाणी गार झालं की ती दिवसा दगडाखाली लपतात आणि रात्री खायला बाहेर पडतात, १९९३ चं काम, आणि तिथे तापमानच कारण निघालं, दिवसाची लांबी नाही.

बायोच्या_मॅडम

हो, मेडाकाच्या कामात दोन्ही एकत्र बदललं होतं, म्हणून त्यावरून सगळं श्रेय उजेडाला देता येत नाही, तुमचं बरोबर आहे. सॅमनचंही बरोबर. बॅगरमनच्या कामावर मी ठाम आहे कारण तिथे बदलला तो फक्त उजेडाचा वेळ.

टँकवाले, तुमच्या घोळक्याच्या निर्णयाबद्दल राहिलं. खाणं टाकलं की दोन-तीन वळल्यावर बाकीचे यायचे असं तुम्ही लिहिलंत, हे तुमच्या मुलाला मुद्दाम सांगा, २००८ मधे स्टिकलबॅकवर नेमकं हेच तपासलं होतं. खोटा मासा दोरीने ओढून एका बाजूला नेला तर एकट्या खोट्या माशामागे मोठा घोळका सहसा जात नाही, दोन किंवा तीन खोटे मासे गेले की जातो. एकटा चुकू शकतो पण तिघं एकदम चुकण्याची शक्यता कमी, असा त्यांचा हिशोब. पण ह्यासाठी आधी घोळका हवा! तीन नर कोपऱ्यात अडकले आणि माद्या त्यांना चुकवत फिरायला लागल्या की कुणी कुणाकडे बघून वळायचं? तुमचे चार-पाच खाली जातात आणि बाकीचे घुटमळतात ते मला ह्यामुळे वाटतं.

पणजी_रात्रपाळी

मी हॉटेलात रात्रपाळी करतो, नदीसमोरच. मॅडमचं रात्रीच्या दिव्याचं वाचून झोप उडाली. मांडवीच्या दोन्ही काठांवर आणि पाण्यातल्या बोटींवर रात्रभर जो लखलखाट असतो त्याचं काय मग? रात्री दोन वाजता मी धक्क्यावर चहा घेऊन उभा असतो तेव्हा दिव्याखालच्या पाण्यात शेवटो माशांची पिल्लं गोल गोल फिरताना दिसतात. शेवटो आपला राज्य मासा ना? त्यांना रात्र मिळतेच कुठे.

बायोच्या_मॅडम

मलाही तीच काळजी आहे. मांडवीबद्दल बोलण्यासाठी इथे मोजलेलं हवं, पण दुसरीकडचं सांगते. २०१८ मधे गप्पी माशांवर पाहिलं, रात्री दिवे मिळालेले गप्पी दिवसा आडोशातून लवकर बाहेर पडत होते, म्हणजे जास्त धाडसी, आणि शिकारी मासा असलेल्या पाण्यात असं धाडस महागात पडू शकतं. २०१९ मधे क्लाउनफिशच्या अंड्यांवर रात्रभर दिवा ठेवला तर एकही अंडं फुटलं नाही, एकही नाही, कारण पिल्लू बाहेर पडायला काळोखाची वाट बघतं. ज्यांच्याकडे खाऱ्या पाण्याचे टँक आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा.

काणकोणचा_रापणकार

दिव्यांचा विषय निघाला म्हणून बोलतो. एलईडी लावून मासे जमवून उपसतात त्याविरुद्ध आम्ही पारंपरिक मच्छीमार कितीदा रस्त्यावर आलो. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मधे बंदी घातली, तरी रात्री समुद्राकडे बघितलं की क्षितिजावर उजेड दिसतो. पहिली जून ते एकतीस जुलै आम्ही होड्या ओढून ठेवतो माशाला वीण करायला मिळावी म्हणून, आणि मग ऑगस्टनंतर त्याची रात्रच काढून घ्यायची, पोटात तुटतं हो.

बायोच्या_मॅडम

दादा, तुमचा राग रास्त आहे. फक्त शास्त्राच्या बाजूने एक वेगळं करते, एलईडीकडे मासा ओढला जातो ती त्याच क्षणाची ओढ, आधी बारीक जीव जमतात, मग त्यांना खाणारे. ऋतूचं घड्याळ बदलायला रोज रोज त्याच वेळेला, बरेच आठवडे उजेड लागतो. समुद्रात फिरत्या माशाला एक रात्र दिवा मिळाला म्हणजे त्याचा हंगाम बदलला असं मी म्हणणार नाही. धक्क्यावरच्या कायमच्या दिव्याचं तसं नाही.

सांग्याची_गौरी

छोटा प्रश्न. मग साध्या घरगुती टँकला किती तास दिवा ठेवायचा? माझ्याकडे गप्पी आणि झेब्रा आहेत.

डिचोलकर

गौरी, दहा ते बारा, रोज ठरल्या वेळी, टायमरवरच. प्रयोगशाळेत झेब्राला १४ तास ठेवतात पण तिथे त्यांना रोज अंडी हवी असतात. आणि रात्री कापड टाक टँकवर, हॉलमधे जाग असेल तर.

टँकवाला_फोंडा

मंडळी, दिवाळी झाली, कळवायला उशीर झाला. नवा टायमर आणला, सकाळी आठ ते संध्याकाळी सात पूर्वीसारखं, आणि सातनंतर आई न विसरता जाड चादर टाकते, टँकवर आणि झिरोच्या बल्बच्या बाजूने पण. नरकासुराच्या रात्री वाड्यावर पहाटेपर्यंत दणदणाट होता पण उजेड आत गेला नाही.

पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही, मुलगा कंटाळला होता. मग फिल्टरपाशी बसणाऱ्या नराने आधी जागा सोडली. आता लाकडामागचा एकच उरलाय, तोही खाण्याच्या वेळी बाकीच्यांत येतो. काल झाकण उघडलं तर अकरा एकदम खाली गेले, तो एक मागून गेला. मुलाच्या वहीत पाठलागाच्या रेघा पानभर असायच्या त्या आता दोन ओळींत मावतात.

पण डिचोलकर, तुमची शंका माझ्या डोक्यातून जात नाही. ह्याच दिवसांत सकाळचं पाणी २५ वर आलंय, म्हणजे परत दोन गोष्टी एकदम बदलल्या. म्हणून मॅडमची युक्ती करून बघायची ठरवलंय. दोन दोन फुटी टँक, सहा सहा मासे, दोन्हीत हीटर २७ वर, खाणं सारखं. दोन्हीकडे उजेड अकराच तास, सकाळी सहापासून. एकात सलग, दुसऱ्यात नऊ तास आणि उरलेले दोन रात्री आठ ते दहा. मॅडम, वेळ बरोबर आहे का ते सांगा, मुलगा जानेवारीपासून सुरू करायचं म्हणतोय.

बायोच्या_मॅडम

आठ ते दहा म्हणजे सकाळपासून चौदा ते सोळा तास, बरोबर आहे. पण स्टिकलबॅकची खिडकी तुमच्या डॅनिओची असेलच असं नाही, काही दिसलं नाही तर मुलाला निराश होऊ देऊ नका, वेळ थोडी पुढेमागे करून परत बघा. आणि तिन्ही भांडखोर नर एकाच टँकमधे जाणार नाहीत हे बघा, चिठ्ठ्या टाकून वाटा. मोजणाऱ्याला कुठल्या टँकमधे कुठला उजेड आहे ते माहीत नसावं, म्हणजे वही मुलाकडे आणि टायमर तुमच्याकडे, आणि त्या दोन तासांत मुलगा दुसऱ्या खोलीत अभ्यासाला.

काणकोणचा_रापणकार

लाइट गेली तर? आमच्याकडे तर रोज जाते.

टँकवाला_फोंडा

इन्व्हर्टरवर घेतलंय. ज्या दिवशी तरीही गेली त्या दिवसाची तारीख वहीत लाल पेनाने.